क्षयरुग्णांसाठी समन्वयाचे काम नव्याने घेणाऱ्यांस

हे काम तुम्ही नुकतेच हाती घेतले आहे, म्हणून सुरुवातीला लागतील तेवढ्याच गोष्टी सांगतो. योजनांची सगळी जंत्री आत्ता पाठ करू नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चिठ्ठी दिली की काम झाले, असे समजणे. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात जा, असे सांगून पाठवलेला रुग्ण एक दिवसाची मजुरी बुडवतो, कागद अपुरे म्हणून परत येतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. त्याऐवजी रुग्णाच्या देखत त्याच्या गावच्या आशाताईंना फोन लावा, कोणत्या दिवशी त्या घरी जातील ते ठरवा आणि आठवड्याने स्वतः विचारपूस करा.

निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकार देते ते पैसे, नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये, थेट बँक खात्यात जमा होतात. पहिल्याच भेटीत पासबुक उघडून पाहा. मी एका वीटभट्टी कामगार बाईंचे पाहिले नव्हते. खाते बंद पडल्याचे दोन महिन्यांनी कळले, आणि त्यांना तेव्हाच पोषणाची सर्वाधिक गरज होती, हे मला आजही लागून राहिले आहे.

आणखी दोन गोष्टी:

- रुग्णाच्या संमतीशिवाय आजाराचे नाव शेजाऱ्यांपुढे किंवा कामाच्या ठिकाणी उच्चारू नका.
- साध्या क्षयरोगाचा उपचारही सहा महिन्यांचा असतो. खोकला थांबून रुग्ण कामावर परतू लागतो, तेव्हाच गोळ्या सुटतात, म्हणून त्या सुमारास भेटी वाढवा.