वाचकांचे प्रश्न: पराग्वेचं युद्ध टेबलावर

1864 ते 1870 या काळात पराग्वे एकीकडे आणि ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे दुसरीकडे, असं युद्ध झालं. दक्षिण अमेरिकेतलं ते सर्वांत मोठं युद्ध. छोटे सैनिक आणि फासे घेऊन ते टेबलावर मांडू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे अमेरिकन यादवी युद्धासाठीची ‘फायर अँड फ्यूरी’ ही नियमावली आणि 15 मिमीचे सैनिक आहेत. त्यावर 24 मे 1866 ची तुयुतीची लढाई खेळता येईल का? की वेगळे नियम घ्यावेत? (पुणे)

नवे नियम विकत घेऊ नका, आहेत तेच वापरा. काळ एकच आहे. मात्र तीन ठिकाणी हात घालावा लागेल.

पहिली गोष्ट मापाची. तुयुतीला पराग्वेचे सुमारे 24,000 आणि मित्रसैन्याचे (ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे) सुमारे 35,000 लोक होते. एका पट्टीवर (छोटे सैनिक चिकटवलेल्या तुकड्यावर) 200 माणसं धरली तर एका बाजूला 120 पट्ट्या होतात, आणि संध्याकाळ संपली तरी दुसरी फेरी सुरू होत नाही. 500 माणसांना एक पट्टी धरा : पराग्वेच्या 48, मित्रांच्या 70. दोन ओळींत उभे राहिलेले 500 जण साधारण 140 मीटर जागा घेतात. पट्टी 25 मिमी रुंद असेल तर टेबलावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे रानातले सुमारे 55 मीटर. इथेच बहुतेकांची चूक होते. पट्टीवरची माणसं वाढवतात, पण बंदुकीचा पल्ला पुस्तकातल्या इंचांतच ठेवतात. मग बंदूक निम्मं रान ओलांडून मारा करते आणि कुणीच पुढे सरकत नाही. पल्ले नव्याने लिहून काढा : गुळगुळीत नळीची बंदूक 2 सेंमी, रायफल 6, तोफेचा छर्रा 7, तोफगोळा 30.

दुसरी गोष्ट हत्यारांची. ती नियमावली दोन्ही बाजूंकडे बहुतांशी रायफल आहे असं गृहीत धरते. पराग्वेच्या बहुतेक पायदळाकडे चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या बंदुका होत्या, तर ब्राझीलकडे मिनिए गोळीच्या रायफली. म्हणून पराग्वेचा पल्ला आणि माऱ्याचे गुण कमी करा. मात्र मनोधैर्याच्या गुणांना हात लावू नका. हत्यार जुनं म्हणून सैनिकही कच्चा ठरवला, की पराग्वेची फौज दोन फेऱ्यांत पळ काढते. प्रत्यक्षात ती निम्मी कापली गेली तरी पुन्हा चाल करून येत होती. हातघाईत त्यांना पूर्ण गुण द्या.

तिसरी गोष्ट हुकमाची. पराग्वेचा बेत सगळ्या तुकड्यांनी एकदम तुटून पडण्याचा होता. पण जनरल बारिओसच्या तुकडीला दाट जंगलातल्या अरुंद वाटेने यायचं होतं. ती उशिरा पोचली आणि सकाळचा हल्ला दुपारच्या तोंडावर, साडेअकराच्या सुमारास सुरू झाला. त्यासाठी हे करा : पहिल्या फेरीत एका फाश्यावर 6 पडले तरच बारिओस जंगलाबाहेर येतो, दुसऱ्या फेरीत 5 किंवा 6, तिसऱ्या फेरीत 4 पासून पुढे. बाकीच्यांना त्याच्याआधी हल्ला करायची मुभा ठेवा. थांबायचं की सुटायचं, हाच पराग्वेच्या खेळाडूपुढचा खरा प्रश्न आहे.

आणि ब्राझीलचा तोफखाना अधिकारी मालेट याच्या तोफांपुढचा खंदक विसरू नका. तो लांबून दिसत नव्हता. मित्रपक्षाच्या खेळाडूने खेळाआधी त्याची जागा चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवावी. घोडदळ 5 सेंमीवर आलं की चिठ्ठी उलटायची.

प्रश्न : तिथली दलदल कशी करावी? आमची हिरवी कापडाची तुकडी कुणाला दलदल वाटतच नाही. (कोल्हापूर)

तुयुती या ग्वारानी शब्दाचा अर्थच पांढरा चिखल. तिथली ‘एस्तेरो’ म्हणजे साचलेल्या पाण्यात माणसाच्या उंचीची लव्हाळी. ठरावीक वाटांनीच ती ओलांडता येत असे. 2 मिमी एमडीएफचे वेडेवाकडे तुकडे कापा, कडा घासून उतरत्या करा. मधे मातकट तपकिरी रंग, कडेला हिरवट. वर चकचकीत वॉर्निश पातळ हाताने तीन वेळा, प्रत्येक हात रात्रभर वाळू द्यावा. एकदम जाड ओतलं तर ते दुधाळ होतं. लव्हाळ्यांसाठी काथ्याचं जुनं पायपुसणं घ्या. त्याचे झुपके 12 ते 15 मिमी लांब कापा, बुडाला फेव्हिकॉल लावून पिनेने पाडलेल्या भोकात उभे करा. वॉर्निश आधी आणि काथ्या नंतर. उलट केलं तर काथ्या वॉर्निश शोषतो आणि आडवा पडतो.

नियम साधे ठेवा. पायदळ निम्म्या चालीने आणि विस्कटून जाईल, घोडदळ फक्त खुणेच्या वाटेने, तोफा अजिबात नाहीत.

प्रश्न : कुरुपायतीची लढाई मांडायची आहे, पण ती फारच एकतर्फी आहे. पराग्वेकडून खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. (ठाणे)

मग पराग्वेकडून कुणाला बसवूच नका. 22 सप्टेंबर 1866 ला मित्रसैन्याचे सुमारे 20,000 जण पराग्वेच्या जनरल दियासच्या 5,000 लोकांवर आणि 49 तोफांवर चालून गेले. पुढे खंदक, त्याच्यापुढे फांद्या बाहेर काढून रचलेली काटेरी झाडं. दोन खेळाडूंपैकी एकाला ब्राझीलच्या तुकड्या नदीकाठाने द्या, दुसऱ्याला अर्जेंटिनाच्या उजवीकडून. खंदकाचा मारा तक्त्यावरून चालवा. ज्याच्या अधिक पट्ट्या खंदकापर्यंत पोचतील आणि ज्याला वेळीच माघार घेता येईल, तो जिंकला.

आरमाराचा भडिमार हा या लढाईचा गाभा आहे. बोटींना उंच काठावरचा मोर्चा (तटबंदी) नीट दिसत नव्हता, तरी काम फत्ते झाल्याची खूण मिळाली आणि दुपारी हल्ला सुटला. म्हणून दोन फासे टाका. उघडा फासा 3 किंवा वर आला तर ‘भडिमार यशस्वी’ असा निरोप येईल. दुसरा फासा वाटीखाली झाकून ठेवा. त्यावर 6 असेल तरच एक तोफ खरोखर गप्प झाली. वाटी पहिली तुकडी काट्यांपाशी पोचल्यावरच उचलायची.

हल्ला मुळात 17 तारखेला होणार होता, पावसाने पुढे गेला. त्या दिवसांत पराग्वेने खंदक वाढवला आणि रानात चिखल झाला. चाल निम्मी करा. शिड्या आणि वेताच्या मोळ्या वाहणाऱ्या तुकड्यांची चाल आणखी कमी, पण त्यांच्याशिवाय खंदक ओलांडता येणार नाही.

प्रश्न : स्पॅनिश-पोर्तुगीज येत नाही. इंग्रजीत काय वाचावं, आणि आकडे जुळत नाहीत तेव्हा काय करावं? (पणजी)

सुरुवात जॉर्ज थॉम्पसनपासून करा. हा इंग्रज इंजिनियर पराग्वेचा अध्यक्ष लोपेस याच्या चाकरीत होता, मोर्चे आखण्यात त्याचा हात होता आणि 1868 च्या डिसेंबरात अंगोस्तुराला त्याने शस्त्रं खाली ठेवली. 1869 च्या त्याच्या पुस्तकातले नकाशे टेबलासाठी सोन्यासारखे आहेत. पण मित्रपक्षाची हानी तो फुगवतो : कुरुपायतीला तो 9,000 सांगतो, तर मित्रांचे स्वतःचे आकडे 4,000 च्या आसपास आहेत. आमचा नेम असा, की प्रत्येक सैन्याचं संख्याबळ आणि हानी त्याच सैन्याच्या कागदांवरून घ्यावी आणि शत्रूने दिलेला आकडा वरची मर्यादा समजावा. जमीन, अंतरं, खंदक यांसाठी मात्र थॉम्पसनवर भरवसा ठेवा.

1870 चं रिचर्ड बर्टनचं पुस्तक रणभूमी पाहून लिहिलेलं आहे. हाच बर्टन तरुणपणी कंपनीच्या मुंबई फौजेत मराठी शिकला आणि त्याने गोव्यावरही लिहिलं. त्याच्याकडून मोर्चांची वर्णनं घ्या, लढायांच्या हकिकती नकोत. त्या त्याच्या ऐकीव आहेत. दोन्ही पुस्तकं हक्कमुक्त आहेत. आजच्या लेखकांत थॉमस व्हिगम यांचे दोन खंड सर्वांत भरवशाचे.

चित्रंही बघा. कांदिदो लोपेस या अर्जेंटिनाच्या सैनिकाचा उजवा हात कुरुपायतीला गेला. मग त्याने डाव्या हाताने लढाया रंगवल्या. तुकड्यांची मांडणी, तंबू, झाडांच्या रांगा इतक्या बारकाईने दुसरीकडे मिळणार नाहीत.

प्रश्न : 1869 ची आकोस्ता न्यूची लढाई खेळावी का? (नागपूर)

आमचं मत स्पष्ट आहे : नाही. त्या दिवशी पराग्वेच्या बाजूला मोठ्या संख्येने लहान मुलं होती. 16 ऑगस्टला पराग्वेत बालदिन पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. तिथे गुण मोजायला काहीच नाही. युद्धाच्या शेवटाकडची लढाई हवी असेल तर डिसेंबर 1868 ची इतोरोरो घ्या. एक अरुंद पूल, 120 बाय 90 सेंमीचं टेबल पुरतं.

प्रश्न : पराग्वेच्या पायदळाला बूट कोणत्या रंगाचे? (डोंबिवली)

बूट नाहीत. साधा सैनिक अनवाणी लढला. लाल सदरा, पांढरी विजार, आणि पावलांना त्वचेचा रंग. बूट कोरलेले सैनिक असतील तर बुटाची वरची कड ब्लेडने तासून घ्या, नाहीतर रंगवल्यावर पायमोजे घातल्यासारखं दिसतं.