दुबईत धंदा करायचाय? धाडसाचं राहू दे, उधारी मागता येते का?

तुम्ही लिहिलंय की देवगड तालुक्यात घरची कलमं आहेत, कॅनिंगच्या कारखान्यात काम केलंय, आणि आता दुबईत येऊन हापूसचा पल्प, कोकमाचं आगळ, काजू असा आपला माल विकायचा बेत आहे. ‘धाडस आहे, मेहनतीला मागे हटणार नाही, एवढ्यावर जमेल का?’ असं विचारलंत. मी राजापूरकडचा. इथे आधी एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी केली, आता स्वतःचं लायसन आहे आणि धंदा साधारण हाच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धाडस इथे येणाऱ्या प्रत्येकाकडे असतं, नाहीतर तो विमानात चढलाच नसता. मेहनतीचं म्हणाल तर माझ्या शेजारच्या गाळ्यातला मल्याळी उजाडायच्या आत अल अवीरच्या भाजी मार्केटात पोचलेला असतो. त्याच्याशी मेहनतीत बरोबरी कराल फार तर. मी इतक्या वर्षांत जे बघितलं त्यावरून सांगतो, इथे टिकायचं तर स्वतःचे पैसे तोंड उघडून मागता आले पाहिजेत. हसू नका. बांधावरच्या हातभर जागेसाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे आपण, पण बिलाचे पैसे मागायची वेळ आली की ‘देईल हो सवडीने’. त्यात आंबेवाल्यांना सवयच तशी. पेट्या वाशीला धाडायच्या, दलाल पट्टीत लावेल तो भाव, आणि पैसे येतील तेव्हा खरे. भाव आपण सांगायचा असतो हे अंगवळणीच पडलेलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते इथे दर महिन्याला अनुभवायला मिळतं.

इथली दुकानं सहसा रोखीने माल घेत नाहीत. साठ-नव्वद दिवसांची उधारी आणि हातात पुढच्या तारखेचा चेक. २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर तो सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. त्याऐवजी तोच चेक घेऊन वसुलीसाठी थेट कोर्टात जाता येतं. पण दीड-दोन हजार दिरहमसाठी कोण जातो? मग जाऊन बसायचं. एका दुकानदाराच्या (नाव घेत नाही) मागच्या खोलीत तेलाच्या खोक्यांवर मी कितीतरी संध्याकाळी काढल्यात. अकाउंटवाला सुलेमानी चहा पाजायचा, गावच्या पावसापाण्याची चौकशी करायचा आणि ‘कल आओ भाई’ म्हणायचा. दुसऱ्या दिवशी आवाज न चढवता पुन्हा जायचं, स्टेटमेंटचा कागद पुन्हा टेबलावर ठेवायचा. भांडलात तर ते दुकान कायमचं तुटतं. शेवटी निम्मे पैसे मिळाले आणि निम्म्याच्या बदल्यात मी त्याच्याकडून तांदळाच्या गोणी उचलून दुसरीकडे विकल्या. हे करताना ज्याला अपमान वाटतो त्याने नोकरी करावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक काय म्हणतं ते निमूट ऐकता आलं पाहिजे. आपल्याला वाटतं हापूस म्हटलं की जग धावत येईल. इथल्या ज्यूसवाल्याला हापूसचं कौतुक नाही. त्याला तोतापुरीचा पल्प स्वस्त पडतो आणि साखर, दूध, बर्फ घातल्यावर त्याच्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, तो तुमचा गिऱ्हाईक नव्हेच. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ८५० ग्रॅमचा डबा घरी नेऊन पुरीबरोबर खाणारं कुटुंब. आगळाचंही तसंच. एका बाईंनी ते सरबत समजून नेलं, ग्लासात पाणी घालून प्यायल्या आणि तोंड वाकडं करत बाटली परत घेऊन आल्या. मिठाचं असतं हे आपल्याला ठाऊक, त्यांना कुठून असणार? तेव्हापासून बाटलीवर सोलकढीचं चित्र आणि ‘खारट आहे, स्वयंपाकासाठी’ असं ठळक छापतो.

कागदपत्रांचा कंटाळा असेल तर भागीदार तरी तसा घ्या. तिकडे भारतात आयात-निर्यातीचा आयईसी कोड आणि खाद्यपदार्थांसाठीचा एफएसएसएआयचा परवाना लागतो. इथे माल महापालिकेकडे नोंदवावा लागतो आणि लेबल अरबीत लागतं. भारत-अमिराती व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्याखाली कस्टम ड्युटीत सवलत हवी तर मूळ देशाचा दाखला नीट भरलेला पाहिजे. फ्री झोनचं, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्राचं, लायसन स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका. त्यावर शहरातल्या दुकानांना माल द्यायचा तर वेगळी परवानगी किंवा स्थानिक वितरक लागतो. मेनलँडवर, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, पूर्वी ५१ टक्के अमिराती भागीदार लागायचा, २०२१ पासून बहुतेक धंद्यांना ती अट नाही. व्हॅट ५ टक्के, आणि वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची.

इंग्रजीची काळजी करू नका, बाजारात हिंदीवर भागतं.

पैशांचं मात्र काटेकोर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या, कुटुंबं गावी, दुकानं ओस. त्या दोन महिन्यांत भाडं आणि पगार थांबत नाहीत, आणि मे महिन्यात दिलेल्या मालाचे पैसेही हातात आलेले नसतात. एवढा काळ घरच्यांकडे हात न पसरता काढता येईल इतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय लायसनचा अर्ज भरू नका. बाग गहाण टाकून तर मुळीच नको.

त्याआधी एक करा. यंदाच्या पल्पचे थोडे डबे घेऊन घाट चढून कोल्हापूरला जा. ओळखीच्या नाही, अनोळखी दुकानांत. भाव तुम्ही सांगा, महिन्याची उधारी द्या आणि महिना झाला की वसुलीला स्वतः जा, भावाला पाठवू नका. किती दुकानांनी पुन्हा माल मागितला, किती पैसे सुटले, किती अडकले, हे वहीत लिहून ठेवा. ते आकडे इथेच टाका, मग फ्री झोन की मेनलँड ते बोलू. आणि बघायला म्हणून यायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये व्हिजिटवर या, करामा आणि मीना बाजारातली दुकानं मी हिंडवून दाखवतो. फक्त व्हिजिटवर असताना कुणाकडे काम धरू नका, ते बेकायदेशीर आहे.