कोळंबी-खेकड्याच्या टरफलांनी बोअरच्या पाण्यातलं शिसं निघतं का?

तुम्ही विचारलंय की सुकट, कोळंबी नि खेकड्याची टरफलं वाळवून, कुटून एरंडोलच्या शेतातल्या बोअरच्या पाण्यात टाकली तर शिसं, क्रोमियम निघेल का. टरफलात धातू धरायची ताकद आहे, हे खरं. पण प्यायच्या पाण्यात तो चुरा टाकू नका, अगदी कळकळीनं सांगतो. कच्च्या टरफलात कॅल्शियम कार्बोनेट असतं, प्रथिनं असतात नि कायटिन, म्हणजे टरफलाला बळकटी देणारा तंतुमय पदार्थ, असतं. प्रथिनं पाण्यात कुजतात, वास मारतो, जंतूंना आयतं खाद्य मिळतं. सुकटीत वरून मीठही.

कामाचं आहे ते कायटिन. टरफलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून कार्बोनेट निघून जातं, सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं सुटतात. उरलेलं कायटिन 40 ते 50 टक्के कॉस्टिक सोड्यात तापवलं की त्यातले नायट्रोजनवाले अमाइन गट मोकळे होतात, त्याला कायटोसान म्हणतात. या गटातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते, ती तांबं, शिसं पकडते. मी रसायनशास्त्र शिकवतो. पिकावरच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करायला आणतो त्या मोरचूदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) फिक्या निळ्या द्रावणात मुलांसमोर कायटोसानचे पांढुरके पापुद्रे टाकतो. हळूहळू पापुद्रे निळे होतात, पाणी फिकं पडतं. तांबं तिकडे गेलेलं डोळ्यांनी दिसतं.

हे घरी बनवायच्या फंदात मात्र पडू नका. एवढा तीव्र, तापलेला कॉस्टिक कातडी नि डोळे जाळतो. शिवाय पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (7 ला उदासीन, त्याखाली आम्ल), सांभाळावा लागतो. तांबं, शिसं साधारण 5-6 ला चांगलं धरलं जातं, सहा संयुजेचं क्रोमियम त्याहून आम्लधर्मी पाण्यात. फार आम्ल झालं तर कायटोसानच विरघळतं. म्हणून याची खरी जागा प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा द्यायच्या) कारखान्यात, सांडपाणी नाल्यात सोडायच्या आधी. तिथंही धातू नाहीसा होत नाही, पापुद्र्यांत साठतो. तो माल उकिरड्यावर टाकला तर शिसं पुन्हा जमिनीत.

तुमच्या पाण्यात शिसं आहे, हे तपासून कळलंय की नुसता संशय? जळगाव-धुळ्याकडे भूजलात नायट्रेटची तक्रार जास्त, आणि त्यावर कायटोसानचा फारसा उपयोग नाही. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर बऱ्याचदा क्षार, जडपणा, जंतू एवढंच बघतात. म्हणून शिसं, क्रोमियम, कॅडमियम अशी नावं लिहून द्या. प्यायच्या पाण्यात शिशाची आपल्याकडची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त निघालं तर उकळून काही होणार नाही, प्यायला दुसरं पाणी घ्या किंवा चांगला आरओ बसवा. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली. साध्या बाटलीत शिसं काठाला चिकटून बसतं आणि आकडा खोटा कमी येतो.