‘हॅमर प्राइस’, ‘प्रॉफिट’ आणि आपली आडत

प्रश्न असा आहे: बीबीसीच्या दुपारच्या ‘बार्गेन हंट’ची मराठी उपशीर्षके लिहिताना ‘हॅमर प्राइस’साठी (हातोडा पडतो ती अखेरची बोली) ‘विक्री किंमत’ आणि संघाच्या ‘प्रॉफिट’साठी ‘निव्वळ नफा’ चालेल का?

‘निव्वळ’ आधी काढा. ‘विक्री किंमत’ही टाळलेली बरी.

२००० साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात लाल आणि निळा असे दोन संघ असतात. प्रत्येकाला ३०० पौंड आणि एक तास मिळतो. तेवढ्यात जुन्या वस्तूंच्या बाजारातून तीन वस्तू घ्यायच्या आणि पुढे त्या लिलावात काढायच्या. अखेरच्या बोलीतून खरेदीचा भाव वजा केला की झाला यांचा ‘प्रॉफिट’. लिलावगृहाचे कमिशन या हिशेबात येतच नाही.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. लिलावगृहांचे दर वेगवेगळे असतात. समजा, विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून २५ टक्के आणि दोन्ही कमिशनांवर २० टक्के व्हॅट. ४० पौंडांना घेतलेल्या चहादाणीची बोली ५० वर थांबली. पडद्यावर १० पौंड फायदा. पण विकणाऱ्याच्या हातात ५० वजा ९ म्हणजे ४१ पडतात आणि घेणारा ६५ मोजतो. छायाचित्राचे किंवा विम्याचे दोन पौंड वेगळे लावले, तर एका पौंडाचा तोटाच.

म्हणजे ‘विक्री किंमत’ म्हटले की ४१, ५० आणि ६५ यांपैकी कोणतीही समजता येते. ‘अखेरची बोली’ म्हटले की ५० पक्के. ‘हातोडा किंमत’ मात्र नको. ती हार्डवेअरच्या दुकानातली वाटते. प्रॉफिटला नुसते ‘फायदा’ पुरे. हिशेबाच्या भाषेतच हवे असेल तर ‘ढोबळ नफा’. ‘अँटिक्स रोड ट्रिप’ या अशाच दुसऱ्या कार्यक्रमात दोन जाणकार प्रत्येकी २०० पौंडांनी सुरुवात करतात आणि तिथे लिलावाचा खर्च वजा करूनच आकडा सांगतात. तिथे ‘खर्च वजा जाता नफा’ लिहा. एकाच शब्दावर दोन्ही कार्यक्रम रेटले, तर आकडे जुळणार नाहीत.

कमिशनसाठी बाजार समितीतला ‘आडत’ हा शब्द अगदी चपखल आहे. ‘बायर्स प्रीमियम’ला, म्हणजे घेणाऱ्याकडून बोलीवर घेतल्या जाणाऱ्या कमिशनला, कुणी ‘खरेदीदार अधिमूल्य’ लिहिते. ते वाचून कुणालाच काही कळत नाही. ‘खरेदीदाराची आडत’ म्हणा. लंडनच्या ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी १९७५ मध्ये खरेदीदाराकडून १० टक्के घ्यायला सुरुवात केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला होता. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तेव्हाही व्यापारी खवळलेच. विकणाऱ्याला शेवटी मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदालाही आपल्याकडे शब्द आहे: पट्टी.

‘रिझर्व्ह’ला, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही त्या आकड्याला, ‘राखीव किंमत’. बँकांच्या लिलावाच्या नोटिशीत हाच शब्द छापतात. ती ‘अंदाजित किंमत’ नव्हे. अंदाज ४० ते ६० असा पट्ट्यात देतात आणि राखीव किंमत सहसा खालच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी असते. बार्गेन हंटच्या वस्तूंना राखीव किंमत नसते, म्हणून ४० ची वस्तू पाचलाही जाते.

‘लॉट’ तसाच ठेवा. फक्त मराठीत लॉट म्हणजे ढीग, म्हणून एकच खुर्ची असेल तर ‘लॉट क्रमांक’ असे पूर्ण लिहा. हातोडा पाडण्याआधी लिलाववाल्याचे ‘फेअर वॉर्निंग’ ऐकू आले की ‘शेवटचं विचारतोय’. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ कितीही मोहात पाडो, तिथला लिलाववाला मोजत नसेल तर तोंडाशी जुळणार नाही. खरेदीच्या वेळी दुकानदाराला घासाघीस करत विचारलेल्या ‘व्हॉट्स युवर बेस्ट?’ला ‘द्यायचा भाव बोला’.

‘अँटिक’ला ‘प्राचीन वस्तू’ नको, ते थेट उत्खननात नेते. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना ७५. व्यापारातही शंभराचाच संकेत चालतो. या कार्यक्रमांतल्या १९६० च्या काचेच्या फुलदाण्या त्यात बसत नाहीत. त्यांना ‘जुनी वस्तू’ म्हणा आणि निवेदक स्वतः ‘अँटिक’ म्हणेल तेव्हाच ‘अँटिक’ लिहा.