झुरिच की म्युनिक?

इंदूर, राजेंद्रनगर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, म्हणजे पोस्टडॉकसाठी, झुरिच घेऊ की म्युनिक, असं तू परवा विचारलंस आणि मी "दोन्ही चांगल्या" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर मलाच टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

तू गाइड पाहिलास, प्रयोगशाळा पाहिलीस. पगार कुठल्या पैशातून येणार, ते विचारलंस का?

झुरिच स्वित्झर्लंडमध्ये, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, करारांनी जोडलेला आहे. ९ फेब्रुवारी २०१४ ला तिथल्या जनतेनं बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालायचा कौल दिला, तोही निसटत्या बहुमतानं. मग क्रोएशियाच्या नागरिकांना मोकळी वाट देणाऱ्या करारावर सही रखडली आणि युरोपच्या संशोधन कार्यक्रमातली स्विस शास्त्रज्ञांची पूर्ण भागीदारी गेली. भांडण स्थलांतराचं, फटका प्रयोगशाळेला! ती भागीदारी परत मिळाली २०१७ ला, २०२१ ला संघाशी बोलणी मोडल्यावर पुन्हा गेली, आता २०२५ पासून आहे.

संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनमध्ये तर उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचा तिढा सुटेपर्यंत शास्त्रज्ञ ताटकळले. युरोपीय संशोधन परिषदेचं अनुदान जिंकलेल्यांना कळवण्यात आलं: संघातल्या किंवा संघाशी जोडलेल्या देशातल्या संस्थेत जा, नाहीतर अनुदान सोडा. वर्षानुवर्षं जमवलेला गट, मुलांची शाळा, घराचे हप्ते, सगळं त्या एका पत्रावर टांगलेलं. संघाच्या आत मात्र तिथला नागरिक आपलं अनुदान घेऊन लिस्बनहून वॉर्साला जातो. ना व्हिसा, ना यंत्रांवर जकात. देश एकमेकांत मिसळले की विज्ञानाला काय मिळतं, ते मला या साध्या सोयींत दिसतं.

पण सगळी दारं संघाचीच नसतात. जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा सर्न १९५४ पासून स्वतःच्या, अनेक देशांमधल्या करारावर उभी आहे. तिच्या कण आदळवणाऱ्या महाकाय यंत्रातलं १५ मीटर लांब, सुमारे ३५ टनांचं चुंबक तीन जॅकवर बसतं, आणि ते जॅक भारतानं दिले, आपल्या इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रामार्फत. त्यातला एक मी हातानं फिरवून पाहिलाय. पाना किंचित वळवला की टनावारी वजन केसभर सरकतं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेनं आपल्या कित्येक शास्त्रज्ञांना व्हिसा नाकारला, सर्नबरोबरचं काम मात्र थांबलं नाही. तेव्हा आपण सहयोगी सदस्यही नव्हतो. ते २०१७ ला झालो. तरी हेही दार कायमचं उघडं समजू नकोस. युक्रेन युद्धानंतर ३० नोव्हेंबर २०२४ ला सर्ननं रशियाबरोबरचा सहकार्य करार संपवला. तिथल्या रशियन पोरांनी काय केलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्युनिक जर्मनीत, म्हणजे संघाच्या आत, म्हणून माझं मत म्युनिक. झुरिचचा पगार स्विस राष्ट्रीय निधीतून असेल, तर तिथंही बिनघोर जा. युरोपच्या अनुदानातून असेल, तर करार मोडल्यास तुझ्या उरलेल्या महिन्यांचं काय, हे आधी लेखी विचार. विचारायला लाजू नकोस.

रविवारी नेमणुकीची दोन्ही पत्रं घेऊन ये. काकू पोहे करेल, आपण अटींची पानं शब्द न् शब्द वाचू.

तुझा,
काका