झिजक्या स्लॅब सेरिफचं सोंग

पोस्टरच्या मथळ्याला जाड, झिजका स्लॅब सेरिफ (टोकांना जाड चौकोनी पट्ट्या असलेला फॉन्ट) लावतोयस ना, मग आधी एकाच शब्दात दोनदा आलेली अक्षरं बघ. ‘कॉफी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एफ, दोन ई. जोडीतल्या दोघांवर हुबेहूब तोच ओरखडा दिसला की जुन्या लाकडी ठशांच्या छपाईचं सोंग उघडं पडतं. फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरं असली तर ती घे, नाहीतर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे साधे आकार बनवून, एकावरचे डाग हातानं बदल.

डेरियस वेल्सनं १८२७ मध्ये अमेरिकेत यंत्रावर लाकडी टाइप, म्हणजे छपाईचे ठसे, कापायला घेतले, ते मोठाल्या जाहिरातींसाठी. बारीक मजकुराला हा झिजका प्रकार लावू नकोस, नुसता मळ दिसतो. तिथं क्लॅरेंडनसारखा साधा, न झिजलेला स्लॅब सेरिफ चालेल. आणि व्हिनाइल कटिंगला (चिकट प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं कापायला) तर झिजका फॉन्ट पाठवूच नकोस. ते कणकण तुकडे सोलत बसणारा माणूस शिव्या घालेल, आणि त्याचं चूक नाही.