वाचकांचे प्रश्न : शंकूशंख हातात घ्यावा का?

प्रश्न : मालवणला उधाणाच्या ओहोटीत खडपावर भाच्याने शंकूसारखा निमुळता शंख उचलून चड्डीच्या खिशात टाकला. शेजारच्या काकांनी तो टाकायला लावला. म्हणाले, हा डंख मारतो. रुंद बाजूने धरला तर चालतो ना?

उत्तर : काकांचं बरोबर आहे, आणि रुंद बाजूने धरूनही चालत नाही. शंखातल्या गोगलगाईची डंखाची सोंड निमुळत्या टोकातून येत असली तरी ती लांबते आणि मागे वळते. सोंडेच्या टोकाशी पोकळ, काटेरी दात असतो. विष त्यातूनच आत जातं. एक दात एकदाच वापरला जातो, पण मागे पिशवीत पुढचे तयार असतात. हा दात कापडातून आरपार जातो, त्यामुळे खिसा ही सर्वांत वाईट जागा.

शंकूशंखांच्या ७०० हून जास्त जाती आहेत. बहुतेक जाती समुद्री किडे खातात, काही इतर गोगलगाई, तर थोड्या चक्क मासे. माणसांचे ज्ञात मृत्यू मुख्यतः ‘कोनस जिओग्राफस’ या मासेखाऊ जातीमुळे झाले आहेत. नुसत्या वर्णनावरून जात सांगता येत नाही. जिवंतपणी नक्षीवर तपकिरी पातळ साल असते, म्हणून शंख साधा, मळका दिसतो. प्राणी आत ओढला गेला की शंख रिकामाही वाटतो. तेव्हा प्रत्येक शंकूशंख जिवंत आणि विषारीच धरा. जाळ्यात आला तर लांब पकडीने काढून पाण्यात सोडा.

प्रश्न : डंख झालाच तर काय करायचं?

उत्तर : वेदना नाहीत म्हणून घरी थांबू नका. जिओग्राफसचा डंख कधी कधी दुखतही नाही. बधिरपणा, ओठांना मुंग्या, जड पापण्या, दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, मग श्वास मंदावणं, असं ते चढत जातं. माणसाला चालवू नका. १० सेंमी रुंद क्रेप बँडेज आधी डंखावर, मग बोटांपासून वर पूर्ण हाताला किंवा पायाला गुंडाळा. मुरगळल्यावर बांधतो तितकंच घट्ट. नखांचा रंग निळा पडला तर थोडं सैल करा. फळी बांधून अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. दोरीने करकचून आवळणं, चिरणं, चोखणं यांत फक्त नुकसान. प्रतिविष उपलब्ध नाही. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालयच गाठा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा, कारण श्वास टिकवला की विष हळूहळू ओसरतं. काहीच लक्षण दिसलं नाही तरी किमान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहा.

प्रश्न : रिकामा शंख शोभेला आणावा का?

उत्तर : मालवणच्या सागरी अभयारण्यातून मुळीच नाही. ते १९८७ साली जाहीर झालं आणि तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. ‘कोनस मिल्नेएडवर्डसी’ ही जात तर २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आली. अभयारण्याबाहेरही रिकामा शंख तिथेच राहू द्या. पुष्कळदा त्यात शंखातला खेकडा राहत असतो.